मोजणीच्या मावशी

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा! खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण खिडकी अशी की जिने चढल्याचं दुःख विसरावं. खाली मोठा रस्ता, रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग, पलीकडे खाणावळ. उद्यापासून मी सिग्नलच्या वेळा ठरवणाऱ्या खात्यात मोजणी-सहायक. आईला फोन केला तर तिने विचारलं, की म्हणजे उन्हात उभं राहून शिट्टी वाजवायची का रे. म्हटलं, नाही गं, लोकांना रस्ता ओलांडायला किती वेळ द्यायचा ते तुझा लेक ठरवणार. ती म्हणाली, जरा जास्तच दे बाबा.

कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांकडे दोन पँटी आखूड करायला टाकल्या. म्हातारा मोठा गमत्या आहे. एवढ्या उंच माणसाने रस्त्याच्या खात्यात लागू नये, सगळे पत्ता तुलाच विचारतील, असं म्हणाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या कामाची पद्धत मजेशीर आहे. चालायची खूण असलेला हिरवा माणूस किती सेकंद चालू ठेवायचा, हे कागदावरच्या गणिताने ठरत नाही. हळू चालणारं एक माणूस त्या रस्त्यावर खरोखर चालवायचं. पाच फेऱ्या घ्यायच्या आणि सगळ्यात जास्त लागलेला वेळ धरायचा.

ते हळू चालणारं माणूस म्हणजे आमच्या ऑफिसातल्या झाडलोट करणाऱ्या मावशी. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गेली नऊ वर्षं खातं त्यांनाच जीपमध्ये घालून चौकाचौकांत नेतं. सगळे त्यांना मोजणीच्या मावशी म्हणतात आणि त्यांना त्याचा कोण अभिमान! आज मला बजावून सांगितलं, की साहेब, मी पोचले म्हणजे गाव पोचला असं समजायचं. त्या माझ्या खोलीसमोरच राहतात, रस्त्यापलीकडच्या गल्लीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझी पहिली स्वतंत्र मोजणी, तीही माझ्याच खिडकीखालच्या क्रॉसिंगवर. तिथे सव्वीस सेकंद आहेत, त्यामुळे गाड्यांची रांग पेट्रोल पंपापर्यंत जाते अशा तक्रारी आहेत. साहेबांनी पुन्हा मोजून यायला सांगितलं.

नेमक्या आजच ऑफिसात एक वाजता नव्या खुर्च्या यायच्या होत्या. चाकांच्या तीनच, आणि जो आधी येईल त्याची. मावशी फूटपाथवरून उतरल्या आणि गुडघा धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, तुम्ही जीपमध्ये बसा. यात दया होती थोडी, खुर्ची जास्त. मग मीच पाच वेळा चाललो. अठ्ठावीस पावलं. आकडे खरे वाटावेत म्हणून बारा, तेरा, तेरा, चौदा, चौदा असे लिहिले.

मावशींना डुलकी लागली होती. त्यांना उठवून ‘चालणाऱ्याची सही’ या रकान्यापुढे सही घेतली. मी तर चाललेच नाही, चालेल का, असं त्यांनी विचारलं. चालतं म्हणून सांगितलं. खुर्ची मिळाली. खिडकीजवळची.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कालपासून चौदा सेकंद लागू झाले. रांग नावाला उरली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मावशी टाळ्या वाजवत होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिलं नाही तर झोप येणार नाही, आणि लिहून येईल असंही नाही.

दुपारी खाणावळीत जायला क्रॉसिंगवर आलो. पुढे शिंपीकाका होते, काखेत कापडाचा गठ्ठा. हिरवा माणूस लागल्या लागल्या ते उतरले. क्षणाचाही उशीर केला नाही, हे मी पाहिलं आहे. मला सवयच लागली आहे, मी मनात मोजत होतो. चौदा झाले तेव्हा ते अर्ध्याच्या जरासे पुढे होते. ते थांबले. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. कुठला काठ जवळ, याचा हिशेब करत असावेत. टेम्पो डावीकडून आला.

लोक धावले. मी धावलो नाही. मी दिव्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि कोणी माझ्याकडे बघतंय का ते पाहिलं. हे आधी लिहायला हवं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी. काकांची मुलगी आली होती. रडली नाही. तिने एवढंच विचारलं, की चौदा सेकंदांत नक्की कोण चाललं होतं? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मावशी.

मावशींना आत बोलावलं. त्यांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सही माझीच आहे, असं म्हणाल्या.

मोजणी नियमाप्रमाणे झाली असा शेरा पडला. म्हणजे चौदाच राहणार. बदलायचे तर मोजणी खोटी होती असं कुणीतरी लिहून द्यायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. मावशींना घरी बसायला सांगितलं.

मला माझी लाज वाटते. आरशासमोर उभं राहून दाढी करता आली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशींना भेटायला निघालो. हिरवा माणूस लागताच चाललो. अठ्ठावीस पावलं झाली तरी फूटपाथ दोन पावलं पुढेच होता. दिवा लाल झाला, उडी मारून पोचलो. घाईत पावलं लहान पडली असतील. गल्लीच्या तोंडाशी बायका बोलत होत्या, की मावशींनी मिरवायला म्हणून भराभर चालून दाखवलं आणि त्यात शिंपीकाका गेले. मी ऐकलं आणि परत फिरलो. येताना अठ्ठावीसच.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा गेलो. चौतीस पावलं झाली आणि लाल. मी लांब ढांगा टाकत होतो. माझ्या शेजारून एक बाई नातवाला कडेवर घेऊन निघाली, ती केव्हाच पोचली. मी अजून रस्त्यावर. गाड्या कर्कश हॉर्न मारत होत्या. मागे वळलो तर दोन पावलांत आमचा फूटपाथ.

दोन पावलांत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ठरवलं, आधी साहेबांना सांगायचं. माझ्या खुर्चीपासून त्यांच्या केबिनचं दार अकरा पावलं. आज मी पन्नास मोजली. दार तेवढंच लांब. कारकून माझ्या बाजूने फाइल घेऊन गेला, आत शिरला, बाहेर आला, आणि काय शतपावली चालली आहे का म्हणून हसला.

फोन केला. फोनला अंतर नसतं. साहेबांनी उचलला, काय रे म्हणाले. मी म्हणालो, खुर्चीचं एक चाक अडकतंय.

२५ फेब्रुवारी

पुढच्या चौकातून ओलांडून पाहिलं. तिथेही तेच. जिथून मावशींकडे जाता येतं, त्या प्रत्येक —
बाकी कुठेही जाता येतं. स्टेशन, बाजार, न्हावी. पावलं बरोबर भरतात.

खिडकीतून क्रॉसिंग दिसतं. काठीवाला एक म्हातारा रोज मध्यावर अडकतो आणि हात वर करून गाड्या थांबवतो. एक दिवस थांबणार नाहीत. मी पडदा लावून घेतला.

२६ फेब्रुवारी

आईचा फोन. आवाज असा का येतोय तुझा, कुठून बोलतोस, फार लांबून ऐकू येतंय असं म्हणाली.

घरातूनच बोलत होतो.

२७ फेब्रुवारी

सगळं लिहून काढलं. मी चाललो, मी आकडे लिहिले, मावशी झोपल्या होत्या. खाली सही. पानं याच वहीत आहेत, फाडत नाही. उद्या सकाळी वही घेऊनच जाईन. मावशींच्या हातात देईन. मग त्यांच्यासोबत साहेबांकडे. लाल झाला तरी थांबायचं नाही. काठ येईपर्यंत चालायचं.

२८ फेब्रुवारी

रस्त्यात आहे. दोनशे दहा पावलं. पेन आहे, वही आहे. दोन्ही बाजूंनी गाड्या. पलीकडचा फूटपाथ दिसतो, माणसं दिसतात, अंगठ्याएवढी —

मागचा काठ दोन पावलांवर. जाणार नाही. आज नाही.

मावशी. फूटपाथवर मावशी उभ्या आहेत. त्यांनी मला पाहिलं. हाताने थांब म्हणतात. मला न्यायला — पदर खोचला —

ओरडलो. आवाज पोचत नाही. त्यांना वाचता येतं. मोठ्या अक्षरात लिहून वर धरतो —

मावशी येऊ नका

पुरणार नाही

त्या हसल्या. हिरवा लागला. उतरल्या. गुडघा धरला. पाच. सहा. मला पळता येत नाहीये, जागेवरच — नऊ — पान उलटून, अजून मोठं —

मावशी मागे फिरा. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही चाललाच नव्हतात. मी