सरकारनं घोडी धरली

१८ एप्रिल २०२३, मढ

सुदान पेटलं! दोन सेनापती एकमेकांच्या उरावर बसलेत, आणि खार्टुममध्ये तिसऱ्या मजल्यावर अडकलाय कोण — लोणीचा स्वराज! माझ्या तेजस्विनीचा भाऊ. ठिबकच्या नळ्या बसवायला गेलेला.

हाच तो, ज्यानं गेल्या यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या भर घाटात माझ्या कानफटात मारली. कॉलेज अर्धवट टाकून बैलगाड्यांच्या माइकवर उभा राहिलो, ते काय खोटं पुकारायला? झेंडा पडायच्या आधी त्यानं गाडा सोडला. मी ‘बाद’ म्हणालो. बादच होता! तेव्हापासून त्यांचं दार मला बंद. तिचे वडील दादाभाऊ म्हणाले म्हणे, “असल्या बोंबल्याला पोरगी द्यायची व्हय?”

पण आज तेजू फोनवर रडली. आता माझं भांडण सुदानशी.

२१ एप्रिल

दिल्लीच्या मदत क्रमांकावर पुन्हा फोन. बाई हिंदीत, “त्याला सांगा, घरातच थांब.” मी ओरडलो. ती शांत. “भाऊ आहे का तुमचा?”

म्हणालो, हो.

२४ एप्रिल

निघाली! सरकारची मोहीम निघाली! नाव ऑपरेशन कावेरी. (मला विचारलं असतं तर आमच्या नदीचं, कुकडी ठेवलं असतं.) नौदलाचं जहाज पोर्ट सुदानला लागलंय, पुढं जेद्दाहून विमानं. आपले लोक दोन्ही सेनापतींकडं बसपुरती वाट मागतायत. आपण कोणाचेच शत्रू नाही, म्हणून दोघंही ऐकतात! दिल्लीला दिलेल्या शिव्या परत. सगळ्या नाही.

२५ एप्रिल

उद्या दुपारी बस. त्याच्यापासून दोन चौकांवर. आणि गडी निघेना! फाटकापाशी जोडीदाराच्या दंडाला गोळी चाटून गेली, तेव्हापासून भिंतीला चिकटलाय. “पाय उचलत न्हाई माझा,” एवढंच बोलतो. आईचं ऐकेना, दादाभाऊंचं ऐकेना.

तेजू म्हणाली, “तू बोल.”

“मी? माझ्यापेक्षा गोळी परवडली म्हणेल!”

“सूरज, चेष्टा नको रे.”

२६ एप्रिल

आवाज बसलाय. बसू दे!

आज लोणीची यात्रा. यात्रा कमिटीनं मलाच बोलावलेलं — दादाभाऊ काय करणार! त्यांचे बैल आणि बैलांपुढं वाट दाखवत पळणारी घोडी, सगळं गोठ्यातच. ते एकटे कडेला, मान खाली. बसची वेळ झाली तशी मी पुढच्या गाड्याची बारी थांबवली. स्वराजला फोन लावला, माइकला टेकवला. लागला!

माणसं खवळली, “ए, गाडा सोड की राव!” मी पुकारलं — “मंडळी, पुढचा गाडा लोणीकर स्वराजचा! घाट खार्टुमचा! सरकारनं पुढं घोडी धरलीय, तिरंगा लावलेली बस! बैल बुजलाय, हाळी द्या!”

गर्दीतून कुणीतरी, “माथा कुठंय रं त्याचा, कुठवर पळायचं?”

“पोर्ट सुदान!”

आणि अख्खा घाट उठला. “भिर्रर्र... पळ रं स्वराज! पळ!” म्हातारे टोपी फिरवतायत, भंडारा उडतोय, बैल बावरलेत. फोनमधून आधी काहीच नाही. मग जिना उतरल्यासारखी धडधड. मग धापा. मग फोन तुटला.

दादाभाऊ माझ्याकडं बघत होते. मी माइक सोडला नाही.

रात्री तेजूचा मेसेज — “बसमध्ये.”

२८ एप्रिल

जहाजावर! नौदलाच्या पोरांनी आधी चहा दिला, मग नाव विचारलं म्हणे. जिंकलो! आपण म्हणजे — सगळेच. माझ्या आईनं विचारलं, “तुझा कोण लागतो रं तो?” मी हसलो.

३० एप्रिल

दादाभाऊंचा फोन. मलाच! “मुंबईला विमानतळावर जायचंय. आमच्या गाडीत जागा हाये.” बास. ठेवला.

१ मे

स्वराज बाहेर आला. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला. आईच्या गळ्यात पडला, तेजूच्या पडला. मग सरळ माझ्यापुढं. माझा हात आपोआप गालावर गेला.

म्हणाला, “झेंडा पडायच्या आधीच सोडला व्हता मी गाडा, दाजी.”

दादाभाऊ शेजारीच उभे होते!