आनंदाचा रविवार

टिटवाळा,
२२ नोव्हेंबर २०२५

ख्रिस्तात प्रिय चि. विनीत यास शालनआत्याचा सप्रेम सलाम व आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू सगळं छान आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर खोटं लिहायला तुला लहानपणापासून जमत नाही, म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच हवं.

तुमच्या चर्चचं पोस्टर शेजारच्या क्षिप्राने मोबाइलवर दाखवलं. आगमनकाळाच्या चारही रविवारी रॉक बँड! आणि तिसऱ्या रविवारी, आनंदाची मेणबत्ती लावतात त्या दिवशी, म्हणे धुराचं मशीनसुद्धा. पाळकबुवा, धूर कशाला? प्रभू येणार तो दिसायला नको का? माझं मत तुला ठाऊक आहे. नाताळाआधीचे हे चार आठवडे गप्प बसून वाट बघायचे. ड्रम बडवत बसलात तर दारावरची थाप ऐकू कशी येणार?

चेष्टा पुरे. अक्षदा कशी आहे? बाळ गेलं त्याला दोन महिने झाले. तिची एक ओळ नाही. मीच आले असते, पण चार मजले उतरायला गुडघे तयार नाहीत, आणि मंगळवारी तर गणपतीच्या गर्दीत रिक्षाही मिळत नाही.

रागावलास तरी चालेल, पण लिही. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
शालनआत्या

डोंबिवली,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. सलाम. वि. वि.

रागावलो नाही. धुराचं मशीन नको म्हणून मी सांगून पाहिलं. कमिटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव म्हणाले, नौपाड्यातल्या दुकानात नोंदवून झालंय.

आत्या, हे सगळं मीच सुरू केलं गं. दोन वर्षांपूर्वी. मला वाटायचं, आजही वाटतं, की आगमनकाळ गप्प बसायचा नाहीच. बायबलमधले बंदिवासातले लोक देवाला ओरडून विचारत होते, अजून किती दिवस? तो प्रश्न इलेक्ट्रिक गिटारच्या किंचाळीत जसा बसतो तसा आपल्या संथ गीतांत बसत नाही. पहिल्या वर्षी मी संदेश देताना मधेच थांबायचो, अक्षदा बेस गिटारवर खालचा एकच सूर धरून ठेवायची आणि अख्खा हॉल चिडीचूप व्हायचा. मग गर्दी वाढली, कमिटीला गोडी लागली. आता सगळी नाचायची गाणी. माझा संदेश आठ मिनिटं, तोही मागे कीबोर्ड वाजत असताना.

आमचं घर हॉलच्या वरच आहे, तू पाहिलंयस. बुधवारी आणि शनिवारी खाली प्रॅक्टिस चालते. बाळ जन्मलं, बाळ जन्मलं, ही ओळ वीस-वीस वेळा घोटतात आणि वर आमच्या पलंगाचे पाय हलतात. अक्षदा भिंतीकडे तोंड करून पडून असते. तिची गिटार आता मितेश वाजवतो. तो बिचारा भला मुलगा आहे, तिला विचारूनच नेली. जिना हॉलमध्येच उतरतो, म्हणून ती दोन महिने घराबाहेर पडलेली नाही.

तिसऱ्या रविवारी तरी मला यातून सूट द्या, अशी मी कमिटीला विनंती केली. कुंडलिकराव अगदी मायेने म्हणाले, पाळकानेच आनंद केला नाही तर मंडळीने कोणाकडे बघायचं? घर त्यांचं, नोकरी त्यांची, आणि बँड मात्र माझा. मी बाहेर कुठून पडू, सांग.

तुझ्या प्रार्थनेत आम्हा दोघांना जागा असू दे.

तुझा,
विनीत

टिटवाळा,
२ डिसेंबर २०२५

चि. विनीत आणि चि. सौ. अक्षदा यांस सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र दोघांनी वाचा. सेहेचाळीस वर्षांत मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

माझी मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. डिसेंबरच होता. पुढच्याच रविवारी मला क्वायरमध्ये उभं केलं, कारण वरच्या पट्टीचा आवाज एकट्या माझाच होता. प्रभूच्या जन्माचं पाळणागीत होतं. मी नुसते ओठ हलवले. कोणाच्या लक्षात आलं नाही. भक्तीनंतर लोक म्हणाले, शालनबाईंनी काय गायलं! तेव्हापासून दर नाताळात त्या गीताला मी नुसते ओठच हलवत आले.

तेव्हा विनीत, गिटारला मी उगाच बोल लावला. आमच्या जुन्या गीतांनीही मला असंच कोंडलं होतं, फक्त आवाज कमी होता. मी ज्याला शांतता म्हणते ती माझ्या तोंडावर ठेवलेला हात तर नव्हता? या वयात हा विचार करत बसले आहे.

काय कर ते मी सांगू शकत नाही. नुसते ओठ हलवू नकोस, एवढंच.

अक्षदा, तू लिहू नकोस हवं तर. माझा जीव तुझ्याकडे आहे.

तुमची,
शालनआत्या

डोंबिवली,
१८ डिसेंबर २०२५

ती. आत्यांना अक्षदाचा सा. सलाम. वि. वि.

तुमचं पत्र उशीखाली आहे. उत्तराला उशीर झाला, कारण आधी काहीतरी घडायचं होतं.

चौदा तारखेला, आनंदाच्या रविवारी, मी वरच होते. पहिलं गाणं झालं आणि विनीतचा आवाज आला. त्याने धूर बंद करायला सांगितला. म्हणाला, माझ्या घरात आज आनंद नाही आणि असल्याचं सोंग मी करणार नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आमच्याही वतीने मेणबत्ती लावा. तेवढ्यात कुंडलिकरावांनी कीबोर्डवाल्याला पुढचं गाणं घ्यायला सांगितलं, आणि त्याने ते सुरूही केलं. विनीत माइक धरून तसाच उभा असणार, मला न बघता कळलं.

मी होते त्या गाउनवर शाल घेतली आणि जिना उतरले. मितेशने गिटारचा पट्टा आपल्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. मी अँपचा आवाज पूर्ण वर केला आणि खालचा तो एकच सूर वाजवला, पुन्हा पुन्हा. संगीत नव्हतं ते आत्या. खिडक्यांची तावदानं खडखडत होती. कीबोर्ड थांबला. त्या आवाजावर विनीत ओरडून विचारत होता, अजून किती दिवस? दुसरा संदेश नाहीच. पुढच्या बाकावरची माणसं उठून गेली, मग आणखी गेली. अर्धा हॉल रिकामा झाला. कुंडलिकराव दारात उभे राहून बायकोला, हौसाबाईंना, हाका मारत होते. हौसाबाई गेल्या नाहीत. त्या स्टेजवर चढल्या आणि माझा दंड धरून उभ्या राहिल्या.

मंगळवारी कमिटीचं पत्र आलं. बँड बंद. येत्या रविवारी विनीतने कमिटीकडून आधी तपासून घेतलेला संदेश वाचायचा, एकही शब्द जास्त नाही. जानेवारीअखेर बदली, तोपर्यंत इथेच राहायचं. तो वाचणार आहे. एवढ्यात दुसरं घर कुठून आणायचं? आज सकाळी तो संदेश मोठ्याने वाचून सराव करत होता, मी कांदा चिरत होते. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. सुटलो असं म्हणवत नाही. पण तो आता झोपतो, आणि मी भाजीला खाली जाते.

हौसाबाई रोज दुपारी येतात. घरी बाजाराला जाते सांगून निघतात. त्यांचंही एक गेलं होतं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. काल म्हणाल्या, तो सूर मला दाखव. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, बोट कुठे दाबायचं ते दाखवलं. वायर लावलेली नव्हती, त्यामुळे आवाज जवळजवळ नव्हताच. बेसची तार जाड असते, सवय नसली तर बोटात रुतते. मी सोडा म्हटलं, त्यांनी सोडलं नाही. वाजवत राहिल्या. मग घड्याळ बघून उठल्या, यजमानांच्या चहाची वेळ झाली होती. लाल झालेलं बोट पदरात धरून, पिशवी घेऊन, जिना उतरून गेल्या.

उद्याही येणार आहेत. तुमची माया अशीच पोचत राहू दे.

तुमची,
अक्षदा