शालनच्या डब्याचं झाकण

मंगळवार, १८ सप्टेंबर २००७
कोल्हापूर

चहा समोर गार झाला.

शाळेच्या डब्यातलं खाणं सुधारायला निघालेले ते टीव्हीवाले आज माझ्या वर्गात आले. त्यांनी ऋतुजाचा डबा उघडला. आत गार झालेल्या नूडल्स. स्टीलच्या झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं, सौ. शालन. कॅमेरा त्या नावावर किती वेळ थांबला!

मग शालनलाच बोलावून घेतलं. मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच समजवा यांना." आणि मी समजावलं की! "पोरीला असलं देता? घरात भाकरी होत नाही?" चांगलं ठसक्यात. पावडर लावून गेले होते ना मी.

जूनच्या पालकसभेत हिलाच मी काय म्हणाले होते? "इंग्लिश मीडियम आहे, खर्डा-भाकरी देऊ नका. वर्गभर लसणाचा वास सुटतो." विसरली असेल? छे. एकदा माझ्याकडे बघितलं तिनं, मग त्या झाकणाकडे. एक शब्द बोलली असती तर सगळ्यांसमोर माझी अब्रू गेली असती. नाही बोलली. का नाही बोलली?

ते लोक गेल्यावर तिनं मला फाटकापाशी गाठलं. वाटलं, आता काढणार सगळं. तर पदरानं झाकण पुसत हळूच म्हणाली, "बाई, मग उद्यापास्नं भाकरी दिली तर चालंल न्हवं?"

माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "चालेल."

वर परवानगी दिली मी तिला.