घरचं शेवटी

८ फेब्रुवारी २००५

तीर्थरूप बाबांना,
देवयानीचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे ते आईकडून कळतं. ती चोरून फोन करते हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि हे तिला ठाऊक नाही. तेवढं तसंच राहू द्या. तुम्ही मात्र तीन वर्षं फोनवर येत नाही, म्हणून आज कागद घेतला. न वाचता फाडणं तुमच्याच्यानं व्हायचं नाही. तुम्ही पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकता.

आमचं बेट सरोवरात आहे, पण सरोवर एवढं मोठं की मनात समुद्रच धरा. इतर वेळी फेरीबोट चालते. जानेवारीत पाणी गोठलं की ती बंद. पुढे बर्फ जाड झाला की त्यावरूनच गाड्या धावतात. वाट चुकू नये म्हणून लोक नाताळची जुनी झाडं कडेने रोवतात. वाईट असतात ते मधले काही आठवडे. बोटीला बर्फ जास्त, गाडीला कमी. मोठ्या पंख्यावर चालणाऱ्या घसरगाडीतून माणसं आणि टपाल येतं, तेल येत नाही. म्हणून शेवटच्या बोटीआधी घरोघरच्या टाक्या भराव्या लागतात. ते काम कार्लचं.

आणि माझं. मिनियापोलिसची नोकरी मी सोडली, बाबा. तो ट्रक चालवतो, मी नळी ओढते. घरं तापवायच्या या तेलाला आपल्या रॉकेलचाच वास येतो. पहिल्यांदा हाताला लागलं तेव्हा मिरजेचं दुकान आठवून मी रडले. "ज्या वासातून तुला बाहेर काढायला हयात घालवली, त्याच वासाच्या माणसाशी लग्न करतेस?" हा तुमचा शेवटचा प्रश्न.

यंदा आमची फजिती झाली. कार्ल म्हणाला, "आधी आपली टाकी भरू का?" मी म्हटलं, "छे! गिऱ्हाइकाचं आधी, घरचं शेवटी." तुमचाच नियम. सोमवारी आणखी एक बोट येईल या भरवशावर होतो. शनिवारीच सरोवर गोठलं. सगळं बेट उबेत, आणि तेलवाल्याची टाकी तळाला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काटकसर केली, तरी एका सकाळी तेल संपून घर तापवायची भट्टी बंद पडली. कार्ल शेजारी मागायला निघाला, तर मीच लाजेने त्याला थांबवलं. विजेची छोटी शेगडी लावून एका खोलीत बसलो. बाळाला मी आईच्या शालीत गुंडाळलं होतं.

बाळाला. लिहून गेले खरी.

नोव्हेंबरात मुलगी झाली. आईला मीच शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नका. तुम्ही फोनवर याल तेव्हा माझ्याच तोंडून तुम्हाला कळावं, हा माझा हट्ट. शेवटी तुमचीच लेक.

दुपारी दार वाजलं. आमच्या शेजारच्या मिसेस लिंड, ऐंशी उलटलेल्या, लहान मुलांच्या घसरगाडीवर तेलाचा डबा ओढत आल्या होत्या. "तुमच्या चिमणीतून धूर दिसेना," म्हणाल्या. कार्ल नको नको म्हणू लागला, तर त्याला दटावून म्हणाल्या, "गप्प बस. हे तूच माझ्या टाकीत ओतलेलं तेल आहे." संध्याकाळपर्यंत अंगणात डबेच डबे. कार्ल मान खाली घालून हसत उभा होता.

एका दिवाळीत आपल्या स्टोव्हमधलं रॉकेल संपलं होतं, आठवतं? दुकानातलं गल्लीभर वाटून झालेलं. चकल्यांसाठी आई गल्लीतल्याच शैलाकाकूंकडून बाटली मागून घेऊन आली आणि तुम्ही असेच मान खाली घालून हसत होतात. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता.

गेल्या आठवड्यात बर्फावरचा रस्ता खुला झाला. कार्लने पहिला ट्रक भरून आणला आणि आमच्या दारावरून पुढे आधी मिसेस लिंडकडे गेला. मी अडवलं नाही. असा माणूस मी आधी एकदाच पाहिला होता, बाबा, आणि त्याच्याच घरात वाढले होते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

पोरीचं बारसं अजून केलेलं नाही. सरकारी कागदावर एक नाव आहे, पण घरात आम्ही बाळच म्हणतो. कार्लला बहीण नाही, त्यामुळे हिला आत्या नाही. कानात नाव आजोबांनी सांगावं असं मला वाटतं. एप्रिलात बोट सुरू होते. आईला घेऊन या. माझ्या हाताला वास येईल, तेवढा चालवून घ्या.

तुमच्याच धंद्यातली,
देवयानी