नाला धुतला तो दिवस

४ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी स्वस्थ बसेन असं तुला वाटलं होतं ना? गावाने माझ्या गळ्यात सांडपाणी समितीचं अध्यक्षपद अडकवलं आहे. खालच्या गल्लीच्या मागचा नाला तू पाहिला होतास तेव्हा त्यात निदान पाणी वाहायचं. आता गावाची सगळी गटारं त्यात येतात आणि तिथेच मुक्काम करतात. लहान गावांना गटारांचे पाइप घालायला आणि पाणी शुद्ध करायचं केंद्र बांधायला सरकार अनुदान देतं म्हणे. ते मागायचं कोणाकडे, इथे घोडं अडलं आहे. पाणीपुरवठावाले म्हणतात, आम्ही पाणी स्वच्छ देतो, तुम्ही घाण केल्यावर ते आमचं राहत नाही. आरोग्यवाले म्हणतात, माणूस आजारी पडला की आमचं काम सुरू होतं. आणि आपलं गाव लहान आहे की मोठं, यावर कोणाचंच एकमत नाही. माझं डोकं चक्रावून गेलं आहे.

तुझं चष्म्याचं दुकान तिथल्या मुख्य सरकारी कचेरीसमोरच. साहेबलोक तुझ्याकडे येतात, तर जरा कानोसा घेऊन बघ. नातीचं पोट सारखं बिघडतं. नाला आपल्याच गल्लीमागे आहे, तेव्हा हवेतूनच काही येत असावं. आपल्या घराला तसा त्रास नाही. पण सूनबाई म्हणते, काही मार्ग निघाला नाही तर पोरीला घेऊन माहेरी जाऊन राहीन. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी, त्यात ती पोरही गेली तर या घरात मी भिंतींना पाढे शिकवू का?

लोभ आहेच, उत्तराचा आळस तेवढा नसावा.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकान कचेरीसमोर आहे म्हणून मला आतलं सगळं कळतं हा तुझा समज जुनाच आहे. मला फक्त त्यांच्या डोळ्यांचे नंबर कळतात. तरी गेलो. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, तिथे कळलं की तो विभाग मागच्या इमारतीत हलला आहे, आणि मागच्या इमारतीतल्या बाईंनी तळमजल्यावर चौकशी करा असं सांगितलं. शेवटी एक अभियंता सापडला, त्याची जाड काच मीच बसवून दिली होती. तो म्हणाला, आपलं गाव लोकसंख्येने लहान, पण बाजारपेठेमुळे मोठं धरलं जातं. तरीही लहानांच्या योजनेतून अर्ज करता येतो. हे कसं ते मी त्याला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मान डोलावली. कळलं काहीच नाही.

तुझा अर्ज मी स्वतः नेऊन दिला आहे. आता एक पाहणी अधिकारी येईल. गावातून किती सांडपाणी वाहतं, कुठे तुंबतं, हे तो डोळ्यांनी बघेल. सगळं त्याच्या अहवालावर अवलंबून आहे, तेव्हा त्याला नीट दाखव. पोरीला उकळलेलं पाणी देत जा.

आशीर्वाद असू दे, आणि माझ्या बायकोला लिहू नकोस की मी दुकान बंद ठेवून हिंडत होतो.

तुझा टिल्लू

११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जीव भांड्यात पडला रे. अधिकारी येऊन गेले आणि पाहणी इतकी झकास झाली की काय सांगू. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हाची माझी तयारी तुला आठवत असेल, फळ्यापासून पायरीपर्यंत सगळं लख्ख. या वेळी मी अख्खं गाव तसं केलं. आदल्या दिवशी माणसं लावून नाला उपसून घेतला, कडेने चुना टाकला. घराघरांत जाऊन बजावलं की साहेब जाईपर्यंत कोणी धुणं काढायचं नाही, मोरीत बादलीभर पाणी ओतायचं नाही. लाँड्रीवाल्याने दुकानच बंद ठेवलं. वरच्या आळीतल्या वकीलबाई कधी कोणाचं ऐकत नाहीत, पण त्यांनीसुद्धा आंघोळ पुढे ढकलली.

साहेब तरुण आणि अबोल. नाल्याच्या काठाने हिंडले, पट्टी बुडवून पाहिली, पुन्हा बुडवली. जाताना म्हणाले की इतकं नीटनेटकं गाव त्यांनी या कामात पाहिलं नव्हतं. टिल्लू, निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला कोणी शाबासकी दिली. आता अनुदान हातात पडल्यासारखंच आहे. सूनबाई मात्र दिवसभर मिठाची गुळणी धरून बसली होती. तिचं काय बिनसलं कळत नाही.

माया ठेव, आणि त्या जाड काचेवाल्याला माझ्यातर्फे चहा पाज.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चहा पाजला. त्याने चहा पिऊन सांगितलं की आपला अर्ज बाजूला ठेवला आहे. अहवालात लिहिलंय की सांडपाण्याचा प्रवाह नगण्य, परिसर स्वच्छ, रहिवाशांची तक्रार आढळली नाही. ज्या गावांत तुंबतं त्यांना आधी. मी तुझं पत्र खिशातून काढून पुन्हा वाचलं आणि तिथेच कपाळाला हात लावला. ताई, तू शाळा दाखवत नव्हतीस. त्याला घाण बघायची होती आणि तू ती उपसून टाकलीस.

पण मला अजूनही एक गोष्ट उमगत नाही. नाला तुंबतो म्हणून गावाने समिती काढली, मग पाहणीच्या दिवशी खालच्या गल्लीतलं एकही माणूस तोंड का उघडत नाही? तू लिहितेस आपल्या घराला त्रास नाही, मग पोर सारखी आजारी कशाने? तुमच्यापैकी कोणालातरी चष्मा लागला आहे आणि तो कोणाला ते मला इथून दिसत नाही. खरं काय ते कळव.

राग मानू नकोस, मानलास तरी पत्र लिही.

तुझा टिल्लू

९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईंनी वाचलं आणि उशीखाली ठेवलं. उत्तर त्या लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. त्यांच्यामागे लिहिते आहे याचं वाईट वाटतं.

मामा, नाल्याचं पाणी आपल्याच घरात येतं. वरच्या आळीत सकाळची धुणी सुरू झाली की आपल्या मोरीतून काळं पाणी उलटं वर येतं आणि स्वयंपाकघरात पसरतं. आई सगळ्यांच्या आधी उठतात, ते लोटून काढतात, फरशी फिनाइलने पुसतात आणि शेजारणींना दारात उभं राहून सांगतात की आमच्याकडे अजून काही नाही बाई. त्या असं म्हणतात म्हणून बाकीच्या बायकाही म्हणतात, आमच्याकडेही नाही. सगळ्या आईंच्याच हाताखाली शिकलेल्या, त्यांच्यासाठी त्या अजून शाळेतल्या बाई. बाईंचं घर कोरडं आणि आपलं नाही, हे कोण कबूल करणार?

पाहणीच्या दिवशी मी साहेबांना आत बोलावणार होते. पण तेव्हा मोरी कोरडी ठणठणीत होती. बोलावलं असतं तर तोंडघशीच पडले असते. मुलगी महिन्याभरात आता तिसऱ्यांदा आजारी आहे. बॅग भरून दारात ठेवली आहे, कधीही निघेन. आई माझ्याशी प्रेमानेच वागतात, म्हणूनच पाय निघत नाही.

तुमचा आधार आहे म्हणून एवढं लिहिलं, कमी-जास्त पदरात घ्या.

तुमची सून

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सूनबाईने मला सगळं कळवलं आहे. तिला बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. जाड काचेवाल्याच्या हातापाया पडून फेरपाहणी मिळवली आहे. तोच अधिकारी पुन्हा येईल, कोणत्या दिवशी ते सांगणार नाही.

तू जन्मभर लोकांच्या पोरांना सांगितलंस की चूक लपवू नका, दाखवा म्हणजे सुधारता येते. मी तुझाच विद्यार्थी, म्हणून तुलाच ऐकवतो. आपल्या घरात घाण पाणी येतं यात तुझी लाज कसली? झाडू बाजूला ठेव. मला तुझी काळजी वाटते, फार वाटते.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा टिल्लू

२८ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सूनबाईला बोलले नाही. तिनेच झाडू कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली होती. साहेब आले तेव्हा स्वयंपाकघरभर पाणी होतं आणि मी ओट्यापाशी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. ते दारात बूट काढायला वाकले. मी म्हटलं, राहू द्या, बूट घालूनच आत या. हे वाक्य या घरात मी कधी उच्चारेन असं वाटलं नव्हतं. मग शेजारणींना हाका मारल्या आणि त्यांच्यासमोर सांगितलं की माझ्याकडे रोज येतं. मग एकेक जण साहेबांना आपापल्या घरी ओढू लागली. साहेबांनी दारातली बॅग पाहून विचारलं, कोण निघालंय? माझी नात, या पाण्यापायी, असं म्हणताना मला रडू आलं.

तत्त्वतः मंजुरीचं पत्र काल आलं. तत्त्वतः म्हणजे हो की नाही ते तुझ्या माणसाला विचार. अजून दोन कचेऱ्यांचे लोक बघायला येणार, मग निविदा, मग पाइप, तोवर वर्ष सहज जाईल. सूनबाईला थांब म्हणायला मला तोंड नव्हतं. काल दुपारच्याच बसने दोघी गेल्या. नातीने विचारलं, तू का येत नाहीस? मी तिला सांगितलं की ते लोक येतील तेव्हा पाणी दाखवायला घरात कोणीतरी हवं.

आज सकाळी पाणी पुन्हा आलं. मी पुसलं नाही, दार सताड उघडं ठेवून बसले आहे.

पत्र लवकर धाड, आता घरात वाचून दाखवायला कोणी नसलं तरी.

तुझी ताई