गालावरची नवी शिवण

दि. ४ मार्च

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद.

दुकानात शिवायच्या कपड्यांचा ढीग पडलाय, पण तुझा फोटो पाहिल्यापासून मशीनवर हात चालत नाही. लहानपणी माझ्या कात्रीने तुझ्या गालावर ओढली गेलेली रेघ निदान बारीक तरी होती. आता तिथे दोरीसारखा लाल वण उठलाय, खाज सुटते, ओठाचा कोपराही ओढला जातोय. शिवण बिघडली की उसवायची आणि पुन्हा घालायची, एवढंच मला ठाऊक. कातडीलाही तोच न्याय लावला आणि ती रेघ काढायच्या ऑपरेशनसाठी हात धुऊन तुझ्या मागे लागले.

आता खरं सांगते. ऑपरेशनआधी डॉक्टरांचा फोन आला, तो मी घेतला होता. वण पुसला जात नाही, जुन्याच्या जागी नवा येतो, तो जाडही होऊ शकतो, टाके पिकू शकतात, असं त्यांनी बजावलं होतं. तुला मात्र मी साधंच काम आहे म्हणून सांगितलं. तू नको म्हणशील ही भीती. करून सवरून नामानिराळी राहणार होते, पण ते जमेना. पुन्हा ऑपरेशन करतील का, विचारू? रागाव, पण दोन ओळी लिही.

तुझी अपराधी,
ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा ऑपरेशन नको. घाईने कापलं तर वण आणखी चवताळतो म्हणे. सध्या वणात इंजेक्शनं आणि वरून सिलिकॉनची पट्टी. सुई टोचली की तुझ्या नावाने दोन शिव्या घालते, पोचल्या असतीलच.

आणि अगं, डॉक्टर फक्त तुलाच सांगून गप्प बसतील का? सही घेण्याआधी त्यांनी मलाही सगळं समजावलं, तुमच्या ताईंना फोनवर सांगितलंय असंही म्हणाले. तू लपवलंस हे तेव्हाच कळलं. मला त्या रेघेचं काहीच वाटत नव्हतं, ताई. पण माझ्याशी बोलताना तू कायम भिंतीकडे बघायचीस. रेघ गेली तर माझ्याकडे बघशील, म्हणून सही केली. आता तुझं ओझं वाढवून बसले. मलाही अपराधी वाटतं.

लोभ आहेच, तो नजरेतही असू दे.
तुझी धाकटी

दि. १५ मार्च

चि. धाकटे,
अ. आ.

शनिवारी येते. पट्टी मीच लावणार, म्हणजे तोंडाकडे बघावंच लागेल. रडले तर रडू दे. तुझा हात मात्र माझ्या हनुवटीखाली धर, मान खाली जाऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई