पावणेसहाची भवानी

७ जानेवारी, बुधवार

उत्कर्षाने ठराव मांडला! स्टेशन ते मासळी बाजार हे 'स्वच्छ हवा क्षेत्र' व्हायचं. दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेलची गाडी आत येणार नाही. आमची नगर परिषद इतकी नवी की खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही, आणि तिथे उभी राहून माझी लेक बोलते. उत्कर्षाचे बाबा आज असायला हवे होते. तेवीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढली, शेवटची दोन उशीला टेकून बसल्या बसल्या झोपले. तो खोकला उत्कर्षाने भिंतीपलीकडून ऐकलाय. मी घरात एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

एका सभासदाने विचारलं म्हणे, आणि कारखान्यांच्या चिमण्यांचं काय? उत्तर मिळालं, त्या आपल्या हद्दीत नाहीत.

८ जानेवारी

मासळीवाली मंजुळा आली. दांडीच्या कोळीवाड्याहून तिच्या मुलाचा, दर्पणचा टेम्पो निघतो — अकरा बायका, बावीस टोपल्या. बाजारात जाण्याआधी तो पावणेसहाला माझ्या मागच्या दाराशी थांबतो, कारण मंजुळाची भवानी माझ्या हातची. पहिली विक्री माझ्याकडे झाली की दिवस बरा जातो, असं ती मानते. नोट टोपलीला लावते, कपाळाला लावते, मग कमरेला खोचते. पस्तीस वर्षं! उत्कर्षा रांगत होती तेव्हा हिच्याच मांडीवर बसून सोललेल्या कोलंबीशी खेळायची. मी शाळेत जाण्याच्या गडबडीत, आणि ही म्हणायची, जा गो, मी हाय.

आज तिने विचारलं, "टीचर, ठराव झाला तर दांडीवरनं आमी डोक्यावरनं आनायचं का?"

मी म्हणाले, नव्या गाडीला सरकारची मदत मिळेल. मला काहीही ठाऊक नव्हतं! दर्पण स्टिअरिंगवर हनुवटी टेकून हसला. म्हणाला, "तोवर टोपलीतलं मावरं थांबल का, टीचर?"

त्याला बाराखडी मी शिकवली. टेम्पो गेला तेव्हा दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या साडीवर काजळी बसली होती. तेही खरंच आहे.

१२ जानेवारी

उत्कर्षाला मंजुळाचं म्हणणं सांगितलं. म्हणाली, आई, बाबांचा खोकला विसरलीस?

१६ जानेवारी, शुक्रवार

सभेहून आले ती लिहायलाच बसले.

सभेला प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. दांडीच्या बायका शांतपणे आत आल्या आणि सडक्या बोंबलांची टोपली त्यांनी अध्यक्षांच्या टेबलावर पालथी केली. वास असा की दोघे सभासद तिथेच ओकले. बबलूने, उत्कर्षाच्या वॉर्डातला तो कार्यकर्ता, मंजुळाला अंबाड्याला धरून खाली ओढलं. साठीची बाई! फरशीवर तिचं कपाळ आपटलेलं ऐकू आलं. दर्पण कठड्यावरून उडी मारून बबलूच्या छाताडावर बसला. मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. माइकचा दांडा दर्पणच्या तोंडावर बसला. दात पडला, पांढरा, माझ्या चपलेजवळ.

आणि एक खुर्ची आली. ती मला हवेत दिसली. तिचा पाय उत्कर्षाच्या भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात, पदरावर, ठरावाच्या कागदावर. फेकणारा हात मी पाहिला नाही.

सात टाके. सभा तहकूब.

१७ जानेवारी

उत्कर्षा म्हणते, खुर्ची दर्पणनेच फेकली. मी म्हणाले, मला हात दिसला नाही. ती म्हणाली, "तुला कधीच दिसत नाही, आई. बाबांनाही तू बरे होतील म्हणत होतीस."

२० जानेवारी

बबलूची पोरं नाक्यावर उभी असतात. टेम्पो बाजारात येऊ देत नाहीत. मंजुळाचा फोन आला. चार दिवस भवानी नाही, मासळी उन्हात पडून वाया जाते, बायका तिला दोष देतात. उद्या फक्त माझ्याकडे येते म्हणाली. बायकांसकट मागच्या गल्लीतून येणार, भवानी करून सगळ्या तशाच परत. तेवढं झालं तरी विक्रीला हात सुटेल, म्हणाली.

संध्याकाळी उत्कर्षा स्वयंपाकघरात आली आणि लसूण सोलायला बसली! किती दिवसांनी. टाके सुजलेत, डावा डोळा अर्धा मिटलेला. म्हणाली, मंजुळामावशीशी नीट बोलायचंय, बाजारात नको, लोक जमतात. उद्या येणार आहे का?

मी वेळ सांगितली. गल्लीही सांगितली. इतकं बरं वाटलं! दोघींना चहा द्यायचा म्हणून दूध जास्त घेऊन ठेवलं.

२१ जानेवारी, बुधवार

सहा जण होते. तोंडाला रुमाल, हातात पहारी.

मंजुळा टोपली उतरवत होती, माझ्या हातात शंभराची नोट होती. काच फुटली. दर्पणला कॉलरला धरून बाहेर ओढला. त्याचा उजवा पाय माझ्या मागच्या पायरीवर आडवा धरला, दोघांनी धरला, आणि तिसऱ्याने पहार घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज ओला आला. मंजुळा त्याच्या अंगावर पडली तर तिच्या पाठीत लाथा. बायका टेम्पोच्या मागच्या फळीवरून उड्या मारत होत्या. मी ओरडत होते की नुसतं तोंड उघडं होतं, आठवत नाही.

मग टेम्पोवर पेट्रोल ओतलं. त्यातला एक माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "टीचर, तुम्ही आत जा, धूर लागेल."

बबलूचा आवाज. चौथीला माझ्याच वर्गात होता.

धूर स्वयंपाकघरात आला. टायरचा, मासळीचा, सगळं एकत्र. गॅसवर दूध होतं.

उत्कर्षा तिच्या खोलीतून बाहेर आलीच नाही.

२३ जानेवारी

पाय गुडघ्याखाली कापला. दर्पण चोवीस वर्षांचा आहे.

आणि त्याच्यावरच गुन्हा! बबलूने तक्रार दिली की दर्पण पेट्रोलचे कॅन घेऊन नगरसेविकेचं घर जाळायला आला होता, कार्यकर्त्यांनी अडवलं. जळलेल्या टेम्पोजवळ दोन कॅन सापडले. दर्पणच्या खाटेशी आता हवालदार बसलेला असतो.

हॉस्पिटलच्या दारात मंजुळा दिसली. पाठीत वाकून उभी. मला म्हणाली, "पावनेसाला आमी येनार ते कुनाला ठाव होतं, टीचर?"

मी पाठ फिरवून घरी आले. जन्मात असं वागले नव्हते.

२४ जानेवारी

उत्कर्षाला समोर बसवलं. रडली नाही. म्हणाली, "मी गाडी फोडायला सांगितली होती. पाय नाही सांगितला."

मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, तू काही सांगितलंस तर मी जेलमध्ये जाईन. सात टाके माझ्या मांडीला टोचत होते. मी तिच्या केसांतून हात फिरवला. हातच तसा गेला, सवयीने.

लहानपणी आमच्या मिशनच्या शाळेत खोटं बोललं की सिस्टर बेनेडिक्टा चॅपलच्या दाराशी उभं करायच्या. म्हणायच्या, खरं तुझ्या तोंडात येईपर्यंत इथेच थांब. मी कधी उभी राहिले नाही. किती अभिमान होता त्याचा!

२७ जानेवारी

ठराव आवाजी मतदानाने मंजूर. उत्कर्षाला हार घातला. पेढे घरी आले, मी शेजारी वाटले. माझ्याच्याने ते वाटवले तरी कसे?

२८ जानेवारी

दर्पणला परवा कोर्टात नेणार. व्हीलचेअरवरून. जामीन मिळणार नाही असं वकील म्हणतात, कारण तो मासळी द्यायलाच आला होता, असं सांगणारं मंजुळाशिवाय कुणी नाही. बाकीच्या बायका घाबरल्यात.

सांगणारी एक आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

पोलिस ठाण्यात जबाब दिला. दर्पण पस्तीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे आईला घेऊन भवानीला आला होता, कॅन टेम्पोत नव्हते, पेट्रोल त्या सहा जणांनी आणलं आणि त्यातला एक बबलू होता. साहेबांनी विचारलं, त्यांना वेळ कुणी सांगितली? मी म्हणाले, मी. पाठवलं कुणी? म्हणाले, मीच. नवरा धुराने गेला, म्हणून. सही केली.

दार उघडं होतं. मंजुळा बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आले तेव्हा म्हणाली, "तुजी पोर वाचवलीस. आता दर्पणला काय सांगू, पाय कुनी घेतला?"

म्हटलं, माझं नाव सांग.